खनिज रसायन (अग्निज खडकांच्या संदर्भात)

खडकातील एकेका खनिजकणाचे रासायनिक संघटन मोजून, तो कण ज्या शिलारसातून (वितळलेल्या खडकातून, मॅग्मातून) स्फटिकरूप झाला त्याचे तापमान, दाब व घडण यांविषयी अनुमान काढण्याची पद्धत. अख्ख्या खडकाची भुकटी करून विश्लेषण केले, तर मूळ रस आणि त्याने वाहून आणलेले जुने स्फटिक यांची सरासरी तेवढी हाती येते. फ्रेंच भौतिकीविज्ञ रेमों कास्तँ यांच्या इलेक्ट्रॉन प्रोबने (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून संघटन मोजणाऱ्या उपकरणाने, १९५१) काही मायक्रॉनांचा ठिपकाही तपासता येऊ लागला.

प्लॅजिओक्लेज (कॅल्शियम व सोडियम यांचे फेल्डस्पार) हे यातले सर्वांत बोलके खनिज. नॉर्मन बोवेन यांनी १९१३ मध्ये प्रयोगाने दाखवले, की उष्ण रसातून आधी कॅल्शियमयुक्त (ॲनॉर्थाइटकडील) व तापमान उतरेल तसे सोडियमयुक्त (ॲल्बाइटकडील) प्लॅजिओक्लेज बनते. कॅल्शियमच्या जागी सोडियम येताना ॲल्युमिनियम-सिलिकॉनचीही अदलाबदल व्हावी लागते. ती अतिशय मंद असल्याने स्फटिकाचा गाभा व कड यांतील फरक टिकून राहतो.

दख्खन ट्रॅपमधील (दख्खनच्या लाव्हाथरांतील, सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी) कळसूबाई या खालच्या उपगटात महाकाय प्लॅजिओक्लेज बेसाल्टाचे थर आहेत. त्यांतील काही सेंमी. लांबीचे स्फटिक बहुतांशी लॅब्रॅडोराइट (कॅल्शियम व सोडियम दोन्ही असलेले मधले प्लॅजिओक्लेज) असून हे थर शैलसमूहांच्या (उपगटाच्या विभागांच्या) माथ्याशी आढळतात. कशेळे, मंचर, गिरवली ही त्यांची परिचित नावे. हे स्फटिक वाढायला किती काळ लागला, हा वादाचा मुद्दा आहे. वाढीचा दर सेकंदास १ सेंमी.चा हजार कोटीवा अंश धरला, तर १ सेंमी. वाढीस सु. ३२० वर्षे लागतील. दर दसपट कमी धरला, तर ३,२०० वर्षे. म्हणजे उत्तर बव्हंशी गृहीतकातच दडलेले असते. स्फटिकांच्या आकार-वितरणावरून काढलेले अल्प कालावधीही याच दरावर उभे असल्याने सावधपणेच स्वीकारावेत. काहींच्या मते लोहसमृद्ध, जड रसात हे हलके स्फटिक शिलारसाच्या भूमिगत कोठीच्या वरच्या भागात तरंगून साचले. हे थर शैलसमूहांच्या माथ्याशीच का सापडतात, याचा उलगडा या मताने अधिक सहज होतो.

पायरोक्सीन या लोह-मॅग्नेशियमयुक्त सिलिकेट खनिजातील सोडियमावरून दाब काढतात, पण त्यातील चूक काही किलोबारची असते. १ किलोबार म्हणजे सु. ३.५ किमी. खोली. त्यामुळे उथळ कोठ्यांच्या खोलीतील फरक या पद्धतीने ठरत नाही.

ऑलिव्हिन (लोह-मॅग्नेशियमचे हिरवट सिलिकेट खनिज) व रस यांतील लोह-मॅग्नेशियम वाटपाचा गुणांक सु. ०.३० येतो (रोडर व एम्स्ली, १९७०). त्यावरून स्फटिक त्याच रसात वाढला की बाहेरून आला, हे ताडता येते. दख्खनमध्ये मात्र ऑलिव्हिनाचे पुष्कळदा इडिंग्साइट (त्याच्या बदलातून बनणारे तांबूस मिश्रण) झालेले असल्याने ही कसोटी थोड्याच ठिकाणी लावता येते.