टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत

घरी पाहण्यासाठी चित्रपट किंवा मालिका निवडताना रॉटन टोमॅटोज या १९९८ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर ९५ टक्के दिसले, की त्याचा अर्थ ‘शंभरापैकी पंचाण्णव गुण’ असा लावला जातो; हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. तेथे मोजल्या गेलेल्या परीक्षणांपैकी किती परीक्षणे एकंदरीत अनुकूल होती, एवढेच तो आकडा सांगतो. त्यामुळे सर्वच समीक्षकांनी एखादा चित्रपट ‘ठीक, पाहण्याजोगा’ इतकाच मानून दहापैकी सहा-सात गुण दिले, तरी टक्केवारी १०० भरू शकते; उलट निम्म्यांना अतिशय भावलेली आणि उरलेल्यांना असह्य वाटलेली धाडसी कलाकृती ५० वर अडकते आणि ६० टक्क्यांची मर्यादा न गाठल्यामुळे ‘सडकी’ ठरते. (माझ्या मते, आवर्जून पाहावे असे पुष्कळ काही याच दुसऱ्या गटात सापडते.) समीक्षकांच्या गुणांची सरासरी हा निराळाच आकडा आहे.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारांकनाची पद्धत बंद करून आणलेली ‘मॅच’ टक्केवारी तर समीक्षकांची नव्हेच. प्रेक्षकाने पूर्वी जे पाहिले, त्यावरून त्याच्यापुरता बांधलेला तो अंदाज होता.