पॅड कपाटात नको, स्वच्छतागृहात हवा

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं तिचं चक्र स्थिर नसतं. किशोरवयात दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवस असलं तरी डॉक्टर ते सामान्यच धरतात. मेंदू, पीयूषिका ग्रंथी आणि बीजांडकोश यांच्यातला संप्रेरकांचा मेळ बसायला वेळ लागतो. सुरुवातीच्या अनेक चक्रांत बीज सुटतच नाही, आणि मग पुढची पाळी कधी येईल याचा अंदाज बांधता येत नाही. सातवीतल्या मुलीने तारखा नीट लिहून ठेवल्या तरी पाळी तिसऱ्या तासाला, चाचणीचा पेपर हातात असताना येऊ शकते. तेव्हा दप्तरात पॅड नसणं हा तिचा निष्काळजीपणा नव्हे. सरकारी शाळांत पॅड मोफत आणि हाताशी असावेत, या मागणीचा सर्वात भक्कम आधार हाच आहे.

सहसा आधार वेगळाच दिला जातो: पॅड दिले की मुलींची हजेरी वाढेल. इथे जपून बोललं पाहिजे. नेपाळमधल्या चितवनमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही मुलींना पॅडऐवजी वापरायचे मासिक पाळीचे कप दिले गेले. ते त्यांनी वापरलेही, पण हजेरीत फरक पडला नाही, कारण पाळीमुळे बुडणारे दिवस मुळातच फार थोडे होते. भारतातल्या शाळांमधल्या शौचालयांवरचा २०१७ सालचा अभ्यास मात्र सांगतो की मोठ्या मुलींची पटसंख्या वाढायची तर त्यांच्यासाठी वेगळं शौचालय लागतं. म्हणजे नुसत्या पॅडने जादू होत नाही. दार, कडी, पाणी आणि पॅड एकत्र लागतात. शिवाय हात धुण्याच्या साबणाने हजेरी किती वाढली, हे शाळेला कोणी विचारत नाही. पॅडलाच ती परीक्षा का? डाग पडेल या धास्तीने बाकावरून न उठणारी मुलगी हजेरीपटावर हजरच दिसते.

महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत देण्याचं ठरलं. किंमत नाममात्रच. पण विकत घ्यायचं म्हणजे घरी पैसे मागायचे आणि कोणाकडे तरी जाऊन बोलायचं. स्कॉटलंडने त्याच वर्षी शाळा-महाविद्यालयांत पॅड मोफत केले आणि नंतर कायदाच केला. तो १५ ऑगस्ट २०२२ पासून पूर्णपणे लागू झाला. वस्तू सहज मिळावी आणि घेणारीचा मान राखला जावा, असं त्या कायद्यात लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे अडतं ते नेमकं इथे. पॅड येतात, मुख्याध्यापकांच्या कार्यालयातल्या कपाटात जातात, किल्ली एका बाईंकडे राहते. बाई प्रशिक्षणाला गेल्या की योजना बंद. नाव लिहून सही करायला लावणारी वही असेल तर आठवीतली मुलगी मागायला येणारच नाही.

नाण्यावर चालणारी यंत्रंही टाळलेली बरी. नाणं अडकतं, लाइट जाते, आतला साठा संपल्याचं बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा मुलींच्या स्वच्छतागृहात, कडीच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर झाकणाची प्लॅस्टिकची पेटी लावावी. तिच्यात दहा-बारा सुटे, वेष्टनातले पॅड आणि वापरलेला पॅड गुंडाळायला वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन ठेवावेत. पहिले काही आठवडे पेटी भराभर रिकामी होईल. ती चोरी समजून कुलूप लावू नये. घरी पॅड नाहीत आणि उद्या पेटी भरलेली असेल याचा भरवसा नाही, म्हणून मुली जास्तीचे नेतात. रोज भरलेली दिसली की खप खाली येतो.

किती लागतात? आठवीपर्यंतची, २०० पटाची शाळा घ्या. पाळी सुरू झालेल्या मुली समजा ४०. महिन्यातले पाच दिवस धरले तर कुठल्याही दिवशी सरासरी सहा-सात जणींची पाळी चालू असते. दर चार ते सहा तासांनी पॅड बदलायचा, म्हणजे शाळेच्या वेळेत प्रत्येकीला किमान एक. दिवसाला सात, आणि शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला ठरवलेले २२० दिवस: १५४०. अचानक आलेल्या पाळ्या आणि जास्त स्राव धरून २००० पुरतात. जनऔषधी केंद्रात २०१९ साली एका पॅडची किंमत १ रुपया केली गेली. बाजारात घाऊक भाव ३ रुपये धरला तरी वर्षाचा खर्च ६००० रुपये. समग्र शिक्षा अभियानात १०० ते २५० पटाच्या शाळेला ५०,००० रुपयांचं संयुक्त अनुदान आहे आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीला हे गणित फळ्यावर मांडून दाखवावं. आश्रमशाळेचा हिशोब मात्र वेगळा: तिथे प्रत्येकीला महिन्याला १५ ते २० पॅड लागतात, रात्रीसाठी लांब वेगळे.

खरेदीआधी नमुना तपासता येतो. पॅडच्या गाभ्यात सहसा लाकडाच्या लगद्याबरोबर सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड असते. शुद्ध पाणी ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते, पण खारट पाण्यात हे प्रमाण साधारण ३० ते ६० पटींवर घसरतं. बाहेर आधीच क्षार असले की पाणी आत खेचणारा दाब कमी होतो. रक्त तर खारटही आणि दाटही. साध्या पाण्याने तपासलं तर वाईट पॅडही पास होतो. म्हणून १५० मिलिलिटर पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवा, त्यातलं ३० मिलिलिटर पॅडच्या मधोमध दोन मिनिटांत हळूहळू ओता, मग खाली कोरडा कागद ठेवून वर एक किलोचं वजन मिनिटभर ठेवा. कागद ओला झाला किंवा कडा पाझरल्या तर तो माल परत. पूर्ण पाळीतला रक्तस्राव सरासरी ३० ते ४० मिलिलिटर असतो. ८० च्या वर सतत जात असेल तर मुलीला डॉक्टरांकडे न्यावं.

चांगला पॅडही गळतो, त्याचं नेहमीचं कारण सैल निकर. इलॅस्टिक गेलेल्या निकरवर पॅड सरकतो. पेटीशेजारी वेगवेगळ्या मापांच्या चार नव्या निकर आणि गणवेशाचा एक जादा स्कर्ट किंवा सलवार ठेवली तर डाग पडलेल्या मुलीला घरी पाठवावं लागत नाही. मुख्य साठा जमिनीवर ठेवू नये. कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेने गाभा फुगतो, चिकटपट्टी सुटते, शिवाय उंदीर लगदा कुरतडतात. पत्र्याची पेटी, घट्ट झाकण, आधी आलेला माल आधी बाहेर.

विल्हेवाटीचा विचार पॅड येण्याआधी करावा. शौचकूपात टाकलेला पॅड पाण्याने फुगतो आणि पाइप तुंबतो. मग मुलींचं स्वच्छतागृहच बंद होतं. प्रत्येक संडासात पायाने उघडणारी बादली हवी, आणि ती रोज रिकामी करणाऱ्या व्यक्तीला हातमोजे आणि त्या कामाचा मोबदला. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी, आत काय आहे ते ओळखू यावं म्हणून, कागदात गुंडाळलेल्या पॅडवर लाल ठिपका काढण्याची पद्धत सुरू केली, ती शाळेत सहज शिकवता येते. छोट्या विजेच्या भट्ट्यांवर आमचा भरवसा नाही. ओला पॅड नीट जळायला ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान टिकावं लागतं. ते टिकलं नाही की काळा धूर, अर्धवट जळलेला गोळा आणि विषारी वायू शाळेच्या आवारातच राहतात. ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’, म्हणजे आपोआप विघटन होणारा, असं लिहिलेला पॅडही खतखड्ड्यात टाकू नये. त्यातल्या प्लॅस्टिकचे तुकडे होतात, खत होत नाही. घंटागाडी येत असेल तर वेगळी पिशवी तिच्यात द्यावी.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत पेटी बंद असते, पाळी नाही. सुट्टीच्या आधीच्या शनिवारी पाचवीपासूनच्या सगळ्याच मुलींना, पाळी आली आहे की नाही हे न विचारता, एकसारखं बंद पाकीट द्यावं. दिवाळीला आठ पॅडचं एक, उन्हाळ्याला दोन. वेगळी यादी करायची गरज नाही, आणि जिला अजून आली नाही तिला ते पुढे लागणारच आहे.