झोपेत दात खाता का? ताण आणि दात-हिरड्यांविषयी थोडं

"दाढेला कीड लागली असणार," असं म्हणत आमच्या दवाखान्यात येणाऱ्या काही जणांची दाढ तपासली, तर कीड सापडतच नाही. दाढांचे उंचवटे घासून सपाट झालेले असतात, गालाच्या आतून पांढरी रेघ उठलेली असते, जिभेच्या कडेला दातांचे ठसे असतात. मग आम्ही विचारतो, सकाळी जबडा आखडतो का? कानशिलं दुखतात का? झोप कशी लागते? हे प्रश्न चौकशीसाठी नसतात, निदानासाठीच असतात.

ताणात अनेक जण झोपेत दात खातात. करकर आवाज झाला तर घरच्यांना कळतं. नुसता जबडा आवळून धरणाऱ्याचं मात्र कुणालाच कळत नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. मग थंड पाण्याने ठणका लागतो, जुनं फिलिंग निघतं, कधी दाताला चीर जाते. (लहान मुलं दात खातात म्हणून लगेच जंतांचं औषध देऊ नका. बहुतेकांची ही सवय वाढत्या वयात आपोआप कमी होते.)

यावर आम्ही माप घेऊन नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, बनवून देतो. त्याने दात खाण्याची सवय मोडेलच असं नाही, पण झीज दातांऐवजी गार्डची होते. गार्ड गार पाण्याने धुवा, गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो. तपासणीला येताना बरोबर आणा. त्यावरच्या खुणांवरून जोर कुठे पडतो ते दिसतं.

दिवसाही लक्ष ठेवा. खाताना आणि गिळताना सोडलं, तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवा आणि ती दिसली की जबडा सैल सोडा.

हिरड्यांचं दुखणं मुळात दातांवरच्या जंतूंच्या थरामुळे होतं. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) वाढतं, जंतूंशी लढण्याची ताकद कमी पडते. त्यात रात्रीचं ब्रशिंग चुकतं, सिगारेट-तंबाखू वाढते. पहिल्या महायुद्धात खंदकांमधल्या सैनिकांच्या हिरड्या सडायच्या, तो आजार 'ट्रेंच माउथ' म्हणून ओळखला गेला. जागरणं, सिगारेट आणि परीक्षेचं दडपण एकत्र आलं की तो आजही तरुणांना होऊ शकतो. दोन दातांमधल्या हिरडीचं टोक झडलेलं, असह्य दुखणं, तोंडाला घाण वास, असं काही दिसलं तर त्याच दिवशी या. नुसतं रक्त येत असेल तर घासणं थांबवू नका. मऊ ब्रशने घासा आणि दाखवून घ्या.

ताणात तोंडही येतं. ते साधारण आठ-दहा दिवसांत बरं होतं. दोन आठवडे उलटूनही जखम भरली नाही तर, विशेषतः तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर, थांबू नका.

नैराश्य किंवा झोपेच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळ कमी झाली की कीड लवकर लागते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात खाणंही वाढू शकतं. गोळ्या मनाने बंद करू नका, फक्त चिठ्ठी आम्हाला दाखवा. समोर माणसं बसलेली असतील आणि बोलायला अवघड वाटत असेल, तर रिसेप्शनवर तसं सांगा. आम्ही आत, दार लावून बोलू.