एजंटचा महारेरा नंबर म्हणजे जागेची हमी नव्हे

‘एजंटकडे महारेरा नंबर आहे ना, मग कागद कशाला बघायचे?’ नाशिकमध्ये घर शोधणारे हे सर्रास म्हणतात. तसं नाही. महारेरा म्हणजे घरबांधणी व्यवहारांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण; तिथे एजंट आणि प्रकल्प यांची नोंदणी वेगवेगळी असते. ‘ए’पासून सुरू होणारा तो नंबर एजंटचा, प्रकल्पाचा ‘पी’पासून सुरू होतो, तो वेगळा तपासा. इंदिरानगरातल्या जुन्या रीसेल फ्लॅटला तर हा प्रकल्प नंबर बहुधा नसतोच.

मखमलाबादकडे जमीन बघताय? सातबाऱ्यावर नाव दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो महसुली उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ‘इतर अधिकार’ हा रकाना नीट वाचा; बँकेचा बोजा, कुळाची नोंद तिथेच सापडते. माझ्या मते चांगला एजंट गट नंबर (जमिनीचा महसुली क्रमांक) स्वतःहून देतो आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, येईपर्यंत टोकनची (आगाऊ रकमेची) घाई करत नाही.