विषय निवडताना विचारायचं कुणाला?

२०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पहिल्या वर्षाच्या फॉर्मवर मेजर (मुख्य विषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), व्हीएससी आणि एसईसी (दोन्ही कौशल्याचे कोर्स) असे रकाने दिसू लागले. माझ्या भाचीनं खिडकीपाशी विचारलं, ‘ओपन इलेक्टिव्हला काय घेऊ?’ आतून उत्तर आलं, ‘जागा आहे ते घे.’ क्लार्कला बोल लावण्यात अर्थ नाही. मागे लांबलचक रांग, आणि सल्ला देणं हे त्याचं कामही नाही. मग ते कुणाचं?

आपल्याकडे हा प्रश्न फारसा कधी पडलाच नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ उभं राहिलं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठानं. पेपर बहुतेक ठरलेले. आर्ट्स, कॉमर्स की सायन्स हे अकरावीलाच पक्कं व्हायचं. पुढे सल्ला लागायचा तो स्पेशल विषयापुरता नाहीतर एटीकेटीपुरता, आणि तो वरच्या वर्गातली मुलंच देत.

अमेरिकेत निवड लवकर आली. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय एकेक करत जवळजवळ संपवले. मोकळीक मिळाली तशी नवखी मुलं गोंधळली, काही जण सोपे विषय वेचू लागले. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सल्लागार मंडळ नेमलं गेलं ते १८८० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे निवड देऊन बरीच वर्षं झाल्यावर. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स १८७६ मध्ये सुरू झालं. तिथं मात्र विषयांची निवड आणि सल्लागार प्राध्यापक ही जोडी आरंभीच्या काळातच जमली. आज आपल्याकडे आलेले मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, हे शब्दही त्याच काळात तिथल्या माहितीपत्रकात होते. शब्द आपण घेतले, सल्लागार तिथंच राहिला.

भारतात तो आयआयटींमध्ये रुजला. नोंदणीच्या वेळी कोर्सची यादी ‘फॅकॅड’ म्हणजे फॅकल्टी ॲडव्हायजरला दाखवायची, ही तिथली जुनी रीत. इतर महाविद्यालयांत मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, आले ते बरेचसे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनामुळे. मी पाहिलेल्या एका मेंटॉर वहीत पालकांचा फोन, हजेरी, ‘अडचण’, ‘उपाय’ आणि खाली दोन सह्या होत्या. कोणता मायनर घेतला तर पुढे काय करता येईल, याला रकाना नव्हता. एकेका शिक्षकाकडे इतकी मुलं असतात, की सह्या घेण्यातच त्याचा वेळ जातो, हेही खरं.

नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. त्याला ४० ते ४४ क्रेडिट (अभ्यास मोजायची एककं) लागतात, शिवाय चार क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप. हे मी भाचीला समजावून सांगितलं तेव्हा तिचा प्रवेश होऊन महिना उलटला होता, आणि विषय बदलायची मुदतही.