भाजी शिजवणे आणि पोषकद्रव्ये

भाजी शिजवताना तिच्यातील काही पोषकद्रव्ये कमी होतात, काही तशीच राहतात, तर काही शरीराला अधिक सहज मिळू लागतात. घट होण्याच्या मुख्य वाटा तीन : पाण्यात विरघळणे, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन. घरच्या स्वयंपाकात पहिली वाट सर्वांत मोठी असते. त्यामुळे भाजी किती पाण्यात शिजवली आणि त्या पाण्याचे पुढे काय केले, हे आधी पाहावे लागते.

क जीवनसत्त्व, फोलेट (ब-९) आणि थायमिन (ब-१) ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिले, तर क जीवनसत्त्वाचा निम्म्याहून अधिक भाग अनेकदा त्या पाण्याबरोबर जातो. तेच पाणी आमटीत किंवा कणीक भिजवायला वापरले, तर त्यात उतरलेला बराच भाग परत मिळतो. लोह, कॅल्शियम, पोटॅशियम ही खनिजे आचेने नष्ट होत नाहीत, पण पोटॅशियम पाण्यात सहज उतरते. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पोटॅशियम मर्यादित ठेवावे लागते, त्यांना बटाटा चिरून उकळून पाणी टाकून देण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो.

चिरण्यापासूनच घट सुरू होते. पेशी कापल्या गेल्या की क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण करणारे (ऑक्सिजनशी संयोग घडवून ते नष्ट करणारे) एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे भाजीतलेच प्रथिन, हवेच्या संपर्कात कामाला लागते. म्हणून भाजी आधी निवडावी, मग दोन-तीन पाण्यांतून धुऊन चाळणीत निथळावी आणि शिजवायच्या अगदी आधी चिरावी. चिरून धुऊ नये. भाजी गार पाण्यात घालून हळूहळू तापवली, तर या एन्झाइमला अधिक वेळ मिळतो. उकळत्या पाण्यात टाकल्यास ते लवकर निकामी होते. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात क जीवनसत्त्व आणखी वेगाने जाते, कारण तांबे या ऑक्सिडीकरणाला गती देते.

झाकणावर पाणी ठेवून वाफवणे

महाराष्ट्रातील घरांत रूढ असलेली ही पद्धत पोषणाच्या दृष्टीने फार चांगली आहे. जाड बुडाच्या कढईत २५० ग्रॅम निवडलेल्या मेथीला किंवा तांदुळज्याला दोन लहान चमचे तेलाची फोडणी पुरते. चिरलेली भाजी घालून परतावी, ताटली झाकून तिच्यात अर्धी वाटी पाणी घालावे आणि आच मंद करावी. ताटलीतल्या पाण्याने झाकण तुलनेने गार राहते, आतली वाफ त्याला लागून थेंबांच्या रूपाने परत भाजीत पडते. पालेभाजीत सुमारे ९० टक्के पाणी असतेच, त्यामुळे वरून पाणी घालावे लागत नाही. पाच ते सात मिनिटांत भाजी होते. गवार, घेवडा यांना वेळ लागतो. त्या कोरड्या पडू लागल्या, तर ताटलीतलेच गरम झालेले पाणी थोडेसे घालावे. आच मोठी राहिली तर भाजी बुडाला लागते. झाकण सारखे उघडले तर वाफ जाते आणि मग पाणी ओतण्याची पाळी येते. पालेभाजी शिजून खूप आळते, म्हणून मीठ ती आळल्यावरच घालावे, नाहीतर हमखास जास्त पडते.

प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, पण वेळ आणि पाणी दोन्ही कमी लागतात. त्यामुळे कुकरमध्ये जीवनसत्त्वे पार जळून जातात, ही समजूत बरोबर नाही. खरे नुकसान जास्तीच्या शिट्ट्यांनी होते.

सोडा आणि आंबट

खाण्याच्या सोड्याने पालक हिरवागार दिसतो, पण अल्कधर्मी पाण्यात थायमिन आणि क जीवनसत्त्व दोन्ही लवकर नष्ट होतात. केवळ रंगासाठी सोडा घालू नये. आम्लाने उलट घडते : हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून रंग मळकट होतो, या दोन जीवनसत्त्वांना मात्र आम्लाचा त्रास होत नाही. लिंबू पिळायचे असल्यास भाजी उतरवल्यावर पिळावे. त्यातील क जीवनसत्त्व टिकते आणि त्यामुळे भाजीतले लोह अधिक शोषले जाते.

उकळून पाणी टाकणे कधी योग्य

पालक, माठ आणि अळू यांत ऑक्झॅलेट भरपूर असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. पालकातले कॅल्शियम जेमतेम ५ टक्के शोषले जाते, तर दुधातले सुमारे ३० टक्के. उकळून पाणी टाकल्यास विरघळणारे ऑक्झॅलेट बरेच कमी होते, नुसत्या वाफेने त्याहून कमी. ऑक्झॅलेटमुळे होणाऱ्या मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी थोडी जीवनसत्त्वे गमावूनही उकळण्याचाच मार्ग धरावा. अळूची खाज मात्र न विरघळणाऱ्या सुईसारख्या स्फटिकांशी निगडित असते. तिच्यासाठी अळू पूर्ण शिजवावे लागते, शिवाय चिंच किंवा आमसूल घालण्याची रीत आहे.

शिजवल्याने वाढणारा लाभ

गाजर, लाल भोपळा आणि पालेभाज्यांतील बीटा-कॅरोटीन (शरीर ज्याचे अ जीवनसत्त्व बनवते ते केशरी रंगद्रव्य) पेशींच्या भिंतींआड अडकलेले असते. शिजवल्याने भिंती सैल होतात आणि थोड्या तेलाबरोबर ते चांगले शोषले जाते. गाजराच्या भाजीत कढईच्या कडेला दिसणारे केशरी तेल म्हणजे हेच कॅरोटीन. त्यासाठी जेवणात चार-पाच ग्रॅम स्निग्धांश पुरतात. टोमॅटोतील लायकोपीन या लाल रंगद्रव्याचेही असेच आहे.

चिरल्या चिरल्या शिजवण्याच्या नियमाला कोबी-फ्लॉवर हे कुळ अपवाद ठरते. त्यांतील गंधकयुक्त उपयुक्त संयुगे पेशी कापल्यावर मायरोसिनेज या एन्झाइमच्या क्रियेने तयार होतात आणि ते एन्झाइम आचेने निकामी होते. म्हणून कोबी चिरून अर्धा तास ठेवावा, मग शिजवावा. घाई असेल तर शिजलेल्या भाजीत थोडी फेसलेली कच्ची मोहरी मिसळावी, तिच्यात हे एन्झाइम शाबूत असते; फोडणीत तडतडलेल्या मोहरीत ते उरत नाही. लसणाचेही थोडेफार असेच : ठेचून दहा मिनिटे ठेवला, तर ॲलिसिन हे त्यातले गंधकयुक्त संयुग तयार व्हायला वेळ मिळतो.