भांगाचं पाणी, शीड आणि गळ: बेलापूरहून यॉटवरचा एक दिवस

बेलापूरहून आम्ही यॉटवर गळाने मासे धरायची सहल नेतो. पहिल्या फोनवर हमखास येणारा प्रश्न: "पापलेट लागेल ना?" नाही लागणार. पापलेट जाळ्याचा मासा, गळाला क्वचितच तोंड लावतो. बोंबीलही डोल जाळ्यातलाच. तेच हवे असतील तर सरळ बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात जा, आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात काम होईल. आमच्याकडे गळाला येतो तो शिंगाळा, ढोमा, एखादी तांबोशी आणि नशीब जोरावर असलं तर जिताडा. रिकाम्या हाताने परतण्याचे दिवसही येतात. त्याचे पैसे परत मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

निघायची वेळ

ती आम्ही ठरवत नाही, तिथी ठरवते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांचा हा हिशेब मोबाइलमधल्या तक्त्याशी बऱ्यापैकी जुळतो, तरी आम्ही दोन्ही बघतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती दुपारी बाराच्या सुमारास, आणि पहाटे-संध्याकाळी ओहोटीला जेट्टीजवळ चिखल उघडा पडतो. पाण्याला ओढ इतकी की गळाला वजन म्हणून लावलेलं शिसं तळाशी ठरतच नाही. त्या दिवसांत फक्त अर्ध्या दिवसाची फेरी होते, साडेनऊला निघून दोनच्या आत परत.

निवांत दिवस हवा असेल तर भांग निवडा, म्हणजे अष्टमीच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-तीन दिवस. सकाळच्या भरतीवर सातला निघायचं, संध्याकाळच्या भरतीवर पाचपर्यंत परत यायचं. पाणी संथ, गढूळपणा कमी, नवख्यालाही दोऱ्याला लागलेला झटका कळतो. भांगात येणारे रविवार मोजकेच असतात आणि तेच आधी भरतात. सुट्टी काढता येत असेल तर मधला वार घ्या.

वाट

जेट्टीवरून पनवेलच्या खाडीतून पश्चिमेला. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, तो पाठीवर घेऊन इंजिन मंद ठेवतो. पुढे अटल सेतूच्या खांबांमधून घारापुरीच्या दिशेला. दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि परतीच्या वाटेवर तोही पाठीवरच येतो. तेव्हा इंजिन बंद, फक्त शीड. आमच्या मते सगळ्या दिवसात हे दोन तास सर्वात चांगले, आणि नेमके तेव्हाच निम्मे पाहुणे झोपलेले असतात. आम्ही उठवत नाही.

ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राच्या किनाऱ्याजवळ आणि जेएनपीटीच्या जहाजांच्या वाटेत बोट नेत नाही. वाशी पुलाच्या उत्तरेला तर गळ टाकायचाच नाही, तिथे 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी चिखलावर उतरलेले दिसतात, ते लांबूनच बघायचे.

गळ आणि मासा

रॉड, रीळ, गळ, शिसं आमचं. चारा म्हणून जिवंत कोळंबी. या गढूळ पाण्यात चकचकीत बनावट मासे फारसे चालत नाहीत, भारीतला डबा घरीच ठेवलात तरी चालेल.

शिंगाळा वर आला की हात लावू नका, आमच्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) हाक मारा. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना करवतीसारखे दात असतात, विषही असतं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा. थर्मास त्यासाठीच असतो, चहाचा वेगळा आहे.

जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून फार मोठा जिताडा लागला की ओल्या हाताने धरून, फोटो काढून सोडून देतो. यावरून पाहुण्यांशी दोनदा वाद झालाय, तरी नियम बदललेला नाही. खाडीच्या आतला मासाही सोडूनच देतो. ठाणे-बेलापूर पट्ट्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं या पाण्यात आलंय, तो मासा तुमच्या ताटात वाढायला आमचं मन होत नाही. घारापुरीच्या बाहेर मिळालेला मात्र तिथल्या तिथे तव्यावर. सोबत तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि सोलकढी असतेच, मासा लागो न लागो.

बंद कधी

1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. आम्ही मेअखेरीलाच शीड उतरवतो आणि नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय निघत नाही.

येताना

टोपी, पातळ सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी तळाचे बूट. टाचांच्या चपला जेट्टीवरच काढाव्या लागतील. लाइफ जॅकेट दिवसभर अंगावर, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. दारू चालणार नाही. संडास आहे, पण कपाटाएवढा. एका वेळी सहाच पाहुणे घेतो.

बुकिंग करताना कोणाला बोट लागते, म्हणजे बोटीत मळमळतं, ते न लाजता सांगा. त्यांनी सकाळी हलकं खाऊन यावं, उपाशी येऊ नये, आणि नजर मोबाइलवर न ठेवता क्षितिजावर ठेवावी. त्यांची जागा आम्ही मागच्या बाजूला, सुकाणूजवळ ठेवतो. तिथे हेलकावा कमी लागतो.